उत्तरापुरती जागा

मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायचा म्हणजे काय, हे केशरबाईला नीटसं कधी कळलंच नाही. माइकचं बटण दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडून द्यायचं, एवढं अंगणवाडीतल्या सेविकाबाईंनी तिला शिकवलं होतं. पण समोर माणूस नाही आणि आपण एकटीनेच बडबडायचं, हे काही तिच्या मनाला पटेना. म्हणून ती फोनवर बोलावं तसंच बोलायची. "हॅलो... हॅलो. रश्मे, मी बोलून राहिली." मग थांबायची. पलीकडून 'बोल माय' आलं असं धरून पुढे निघायची. "जेवली का?" पुन्हा थांबायची, आणि उत्तर मिळाल्यासारखी "हं" म्हणायची. "काय होतं भाजीले?" पुन्हा थांबायची. त्या थांबण्यात मागून कोंबडी ओरडायची, शेषराव खाकरायचे, कुणी दारातून विरजण मागून जायचं. डबा पाठवला असला की "डबा घेजो बरं" सांगायची. आणि शेवटी न चुकता, वऱ्हाडातल्या बाया म्हणतात तसं, "ठेवतो मंग."

विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात हे निरोप उतरायचे आणि रश्मी फोन कानाला घट्ट दाबून ते ऐकायची. सुरुवातीला त्या रिकाम्या जागांमध्ये ती खरोखर उत्तरं द्यायची, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. "जेवली माय." "वांगं होतं." आईचं "हं" बरोबर त्यानंतर यायचं. अमरावती ते दर्यापूरच्या अलीकडचं ते गाव, एवढं अंतर त्या एका "हं"मध्ये मिटून जायचं.

त्या गावातून विद्यापीठात शिकायला आलेली ती पहिली मुलगी. वडील शेषराव ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचे, आई अंगणवाडीत मदतनीस. पोरगी अर्थशास्त्रात एम.ए. करते म्हणजे नेमकं काय करते हे दोघांनाही सांगता यायचं नाही, पण गावच्या बुद्धविहारात त्यांना आता पुढे बसायला बोलवायचे.

गावाला वाटायचं, विद्यापीठ म्हणजे मोठं फाटक, मोठी झाडं आणि मोठ्या मनाची माणसं. फाटक आणि झाडं होती. बाकी, विद्यापीठ म्हणजे कुणी कुठे बसायचं हे आधीच ठरलेली जागा, हे रश्मीला पहिल्याच आठवड्यात कळलं. मेसमध्ये खिडकीजवळचं टेबल कुणाचं, कँटीनच्या कट्ट्यावर कुणी बसायचं, ग्रंथालयात पंख्याखालची खुर्ची कुणाची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं. रश्मीच्या वाट्याला हात धुवायच्या नळाजवळचं टेबल आलं. पहिल्या दिवशी ती वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "मले थोडी भाजी द्या ना," आणि खिडकीजवळ हशा पिकला.

आता हे हसणारे काही साता समुद्रापलीकडून आलेले नव्हते. कुणी अकोल्याची, कुणी वरूडची, कुणी इथलीच, विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावरची. यांच्या आज्या जन्मभर मले-तुले बोलत मेल्या. पण आईबाप मास्तर झाले, साहेब झाले, पोरांना इंग्रजी शाळेत घातलं, आणि घरची बोली उरली ती धुण्याभांड्याच्या बाईशी बोलायला आणि जोक सांगायला. अमरावतीत राहून वऱ्हाडीला हसणाऱ्यांना काय म्हणावं, ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही म्हणू ते छापण्यासारखं नाही.

रश्मीने त्या दिवशी फोनवर आईला सांगितलं की इथे लोक हसतात. केशरबाई म्हणाली, "हासू दे. हासतीन त्याईचे दात दिसतीन. तू आपला अभ्यास कर." म्हण खरी आहे, पण ती नळाजवळच्या टेबलावर एकटं बसून जेवणाऱ्याला फारशी कामाला येत नाही. रश्मीने पहिलं सत्र जवळजवळ मुक्यानेच काढलं. बोलायची वेळ आलीच तर वाक्य आधी मनात जुळवायची, मले-तुले खुडून टाकायची आणि मग तोंड उघडायची. घरी जिला माय म्हणायची तिला इथे आई म्हणू लागली.

तिच्या खोलीत आचल नावाची मुलगी होती, अकोल्याची, दातांच्या डॉक्टरची. आचल मनाने वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. ती आपला शाम्पू द्यायची, नोट्स द्यायची, आणि रश्मीकडून एखादा शब्द निसटला की मांडी थोपटून हसायची.

एका संध्याकाळी खोलीत चारदोन मुली जमल्या होत्या. रश्मीचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. कुणाचा तरी हात लागला आणि केशरबाई भर खोलीत बोलू लागली. "हॅलो... हॅलो. रश्मे, जेवली का?" शांतता. मागे कोंबडी. मग समाधानाने, "हं."

"अगं, ती उत्तराची वाट बघतेय!" आचल पलंगावर आडवी झाली. "व्हॉइस मेसेजमध्ये!"

रश्मीने धावत जाऊन फोन उचलला आणि छातीशी धरला. फोन घेऊन तिने खोलीबाहेर निघून जायला हवं होतं. पण तिने वर पाहिलं तर सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडे कुणी बघत होतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, आईच्याच आवाजात, आईच्याच हेलात, "काय व पोरीहो? कावून हासून राहिल्या? अंडं कोंबडीनं देल्लं का तुमी?"

मुली हसून हसून लोळल्या. कुणी तिच्या गळ्यात पडलं, कुणी "परत, परत" म्हणालं. रश्मीने परत केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावरून हाक आली, "ए रश्मी, इकडे ये ना, तिकडे काय बसतेस?"

हसणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलं की आपल्याला कुणी हसत नाही. ही विद्या कुठल्या अभ्यासक्रमात नसते, पण मोठ्या विद्यापीठात तिच्यावाचून दिवस जात नाही.

मग रोजचंच झालं. "काकूंचा आला का गं आज?" आणि रश्मी निरोप लावायची. ऐकवून झाला की आपली भर घालून करून दाखवायची. आचलच्या स्कूटीवर मागे बसून ती कँटीनला जाऊ लागली, नाट्यगृहात जाऊ लागली, तिच्या वाढदिवसाला केक आला. आईला कुठे कळणार आहे, ती मनाशी म्हणायची. आणि यात वाईट काय आहे, प्रेमानेच तर करते. प्रेमाने करतो असं म्हणून माणूस काय काय करून जातो त्याला सुमार नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नाही. निरोपातल्या त्या रिकाम्या जागांमध्ये ती आता उत्तर देत नव्हती. तिथे मुली हसायच्या.

विद्यापीठाच्या विभागांचा जो सांस्कृतिक चमू होता, त्याचा सर्वेसर्वा अनुप. पीएच.डी. करत होता, निदान तसं सांगत होता. युवा महोत्सवात बक्षीस आणणं हेच त्याचं खरं संशोधन. त्याने कँटीनच्या कट्ट्यावर रश्मीची आई ऐकली आणि चहा तसाच ठेवला. "एकपात्री," तो म्हणाला. "यंदा महोत्सव अकोल्याला आहे. तू एकपात्री करणार. नाव, 'हॅलो, मी माय बोलतो'."

तालमी सुरू झाल्या. अनुपचं काम चोख होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पदर डोक्यावर कसा, फोन भाकरीसारखा तळहातावर आडवा कसा धरायचा, आवाज कुठे चिरकायचा, सगळं त्याने बसवलं. केशरबाईचा आवाज खरा तर खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत. अनुपने तो वर नेला. "स्टेजवर बारीक आवाज हसवतो," तो म्हणाला. कोंबडी आली, शेषरावांचं खाकरणं आलं, विरजण आलं. एवढंच काय, "तुहे बाबा गावाले पानी सोडाले गेले अन घरचाच नळ कोल्डा" हे घरच्या कोरड्या नळाचं केशरबाईचं वाक्यही जसंच्या तसं आलं. फक्त एक राहिलं होतं.

"शेवट नाही जमत," अनुप म्हणाला. "हसवून हसवून शेवटी एक चटका पाहिजे. परीक्षक चटक्याला मार्क देतात. आहे का असा एखादा निरोप?"

होता. रश्मीने तो कुणाला ऐकवला नव्हता. दिवाळीच्या आधी आलेला. त्यात केशरबाई नेहमीपेक्षा हळू बोलत होती. "रश्मे, तुहं विद्यापीठ पाहाले याव म्हनतो एकडाव. पांढरं लुगडं नेसून येतो, चांगलं. कोनासंग बोलत नाई मी तठी, गप बसतो. तुले लाज त नाई वाटनार ना व?" आणि मग थांबली होती. या वेळी "हं" सुद्धा म्हणाली नव्हती. बराच वेळ थांबून नुसतंच, "ठेवतो मंग."

त्या जागेत रश्मीने काहीच उत्तर दिलं नव्हतं. नंतर लिहून पाठवलं होतं, 'सध्या परीक्षा आहे.' त्यावर आईने विषय काढला नाही.

तिने तो निरोप अनुपला ऐकवला. अनुपने डोळे मिटून घेतले. "बस्स," तो म्हणाला. "हाच शेवट. लाज नाही ना वाटणार, एवढं म्हण आणि थांब. अजिबात घाई करू नको. हॉल तुझा आहे."

देऊन झाल्यावर तिला तो परत मागावासा वाटला, हे खरं. पण अनुप "काय माल आहे तुझ्याकडे!" असं म्हणाला आणि ते मागणं राहून गेलं.

घरी तिने एवढंच सांगितलं की अकोल्याला विद्यापीठाचा कार्यक्रम आहे, तिचं भाषण आहे. भाषण म्हटल्यावर केशरबाई हरखली. रश्मी लहानपणापासून भीमजयंतीला भाषण करायची, आणि केशरबाई मंडपाच्या खांबाशी पाण्याची बाटली घेऊन उभी राहायची. भाषण पोरीबरोबर तिलाही पाठ असायचं, तिचे ओठ सोबत हलायचे. खाली उतरलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "पानी पेय, घसा कोल्डा झाला असंन."

"मी येऊ का व?" तिने विचारलं.

"पास लागतो, आई. बाहेरच्यांना सोडत नाहीत," रश्मी म्हणाली. पासबिस काही लागत नव्हता.

महोत्सव अकोल्याच्या एका कॉलेजात भरला होता. पाच जिल्ह्यांतली पोरं, रंगलेले चेहरे, ढोल, धूळ, आणि मागच्या बाजूला सगळ्यांसाठी पोळ्या लाटणाऱ्या बायांची रांग. त्या रांगेत इंदूबाई होती. इंदूबाई म्हणजे केशरबाईची धाकटी बहीण, त्याच कॉलेजच्या मेसमध्ये स्वयंपाकाला. हे रश्मीला माहीत असायला हवं होतं. मावशी अकोल्यात कुठल्याशा मेसमध्ये आहे एवढं तिला ठाऊक होतं, कुठल्या ते विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. पास नसलेल्या बहिणीला इंदूबाईने स्वयंपाकघराच्या दाराने आत आणलं. पोळ्या लाटणाऱ्यांना कोण पास विचारतो?

रश्मीचं नाव पुकारलं गेलं. तिने पदर डोक्यावर घेतला, फोन तळहातावर आडवा धरला आणि बारीक आवाजात "हॅलो... हॅलो" म्हटलं. पहिल्याच थांबण्याला हॉल फुटला. दुसऱ्याला शिट्ट्या आल्या. तिच्या अंगात वारं शिरलं. इतके लोक, आणि सगळे आपल्या बाजूला!

कोंबडीचा किस्सा अर्ध्यावर आला तेव्हा तिची नजर बाजूच्या दाराकडे गेली. दारात इंदूमावशी उभी होती, कोपरापर्यंत कणीक लागलेली. तिच्या शेजारी पांढऱ्या लुगड्यात केशरबाई. हातात पाण्याची बाटली.

केशरबाई हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, सगळ्यांसारखीच हसत होती. कुठल्यातरी बावळट बाईची गंमत आपली पोरगी किती छान करून दाखवते आहे, एवढंच तिला वाटत असावं. रश्मीची जीभ एक क्षण अडखळली, पण तालीम पक्की होती. तोंड पुढे निघून गेलं. "तुहे बाबा गावाले पानी सोडाले गेले, अन घरचाच नळ कोल्डा!"

हॉल हसला. इंदूबाई हसली, आणि हसता हसता तिने बहिणीला कोपराने ढोसलं. केशरबाईचा पदर तोंडावरून खाली आला होता. ती हसत नव्हती. ती मंचाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. भीमजयंतीच्या भाषणाला हलायचे तसेच. वाक्यं पाठच होती की तिला, तिचीच होती.

अजून वेळ होता. शेवटचं टाळता आलं असतं. इथे "ठेवतो मंग" म्हणून नमस्कार केला असता तरी लोकांनी टाळ्या दिल्या असत्या, पहिलं नाही तर दुसरं बक्षीस मिळालं असतं, आणि दारातल्या बाईजवळ निदान एक गोष्ट शाबूत राहिली असती. रश्मीला हे सगळं तेव्हाच, तिथेच कळलं होतं. नंतर कळलं असं तिला कधी म्हणता येणार नाही. विंगेत अनुप हात हळूहळू खाली आणत होता, आता सावकाश, आता शेवट. समोर हॉल वाट बघत होता.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते उगाच नाही.

"रश्मे," ती म्हणाली. नावसुद्धा बदललं नव्हतं. "तुहं विद्यापीठ पाहाले याव म्हनतो एकडाव. कोनासंग बोलत नाई मी तठी, गप बसतो. तुले लाज त नाई वाटनार ना व?"

आणि ती थांबली. अनुपने शिकवलं होतं तसंच, घाई न करता. हॉल चिडीचूप झाला. पुढच्या रांगेत परीक्षकबाईंनी चष्मा काढला. तेवढ्यात मागून कुणीतरी पोरगा खणखणीत आवाजात ओरडला, "नको येऊ वो माय, फजिती होईन पोरीची!"

असा हशा त्या महोत्सवात आधी झाला नव्हता. हॉलभर दात दिसत होते. रश्मीने त्या हशावर मान डोलावली, उत्तर मिळाल्यासारखी "हं" म्हणाली, आणि चिरक्या आवाजात, "ठेवतो मंग." लोक उभे राहिले, चित्रण करणारे मोबाइल तसेच वर धरून.

दारात आता एकटी इंदूबाई होती.

मेसच्या मागे, सरपणाच्या ढिगाजवळ रश्मीला आई सापडली. तोंडावर रंग, डोक्यावर तसाच पदर, अशी ती धावत जवळ गेली.

केशरबाईने बाटलीचं झाकण काढून दिलं. "पानी पेय. घसा कोल्डा झाला असंन."

रश्मी प्यायली. "माय, तो नुसता कार्यक्रम होता."

"हो ना. मस्त झाला. लय हासले लोकं."

"तुले राग आला?"

"राग कायचा?" केशरबाईने बाटली परत घेऊन झाकण लावलं, मग पुन्हा घट्ट केलं. "मले वाटलं भाषन हाये. तू भाषन म्हनली होती ना, म्हनून आली. पास लागते हे ध्यानात नाई राह्यलं."

रश्मीला रडू आलं असतं, पण तेवढ्यात आचल आणि दोघीतिघी ओरडत आल्या. "रश्मी, पहिलं! पहिलं बक्षीस तुझं!" त्यांनी तिला मिठ्या मारल्या. मग आचलचं लक्ष पांढऱ्या लुगड्याकडे गेलं. "या कोण?"

"आई," रश्मी म्हणाली.

"अय्या! खऱ्या काकू?" आचलचे डोळे चमकले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "काकू, तुम्ही आमच्या फेव्हरेट आहात. आम्ही रोज ऐकतो तुम्हाला. बोला ना काहीतरी! एकदा हॅलो तरी म्हणा!"

केशरबाईने सगळ्यांकडे एकेकीला पाहिलं. रोज ऐकतो, हे तिला आत्ता कळलं. तिने पदर नीट केला, हात जोडले, मान हलवली. तोंडातून अक्षर काढलं नाही. कोनासंग बोलत नाई मी तठी, गप बसतो, हा शब्द तिने दिला होता आणि तो पाळला. रश्मी मध्ये पडून "जा गं तुम्ही, मी येते" म्हणू शकली असती. तीही गप्प राहिली. मग केशरबाईने पिशवीतून जवसाच्या चटणीचा डबा काढून रश्मीच्या हातात दिला आणि इंदूबाईबरोबर निघून गेली.

तेव्हापासून निरोप थांबले. रश्मी लिहायची, 'जेवलीस का?' तर पलीकडून उभा केलेला अंगठा यायचा. पिवळा, गुळगुळीत, कुणाचाही असावा असा. दर्यापूरहून येणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरबरोबर डबा मात्र पहिल्यासारखा यायचा, पण "डबा घेजो बरं" असं सांगणारं कुणी नसायचं. फोन लावला तर केशरबाई उचलायची. "हो." "बरं." "हाये ना." सगळी उत्तरंच. प्रश्न एकही नाही.

एकदा इंदूमावशीचा फोन आला. ती आडपडदा ठेवणारी बाई नव्हती. "तुहा थो व्हिडिओ गावात गेला, मालूम हाये का तुले? पोट्टे तुह्या मायले रस्त्यानं पाहून हॅलो-हॅलो करतेत. अंगनवाडीतले लेकरं बी. थे काई म्हनत नाई, खाली मान घालून जाते. कावून केलं व रश्मे असं? तिनं काय केलं होतं तुहं?"

रश्मीने फोन ठेवला. ती दिवसभर जेवली नाही. पण चमूतून नावही काढून घेतलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आधीचीच सांगून तिची बाजू घ्यायची आमची तयारी नाही.

राज्याचा महोत्सव जवळ आला. अनुप म्हणाला, "तिथे वेळ जास्त असतो. हा मजकूर पुरणार नाही. आईकडून नवीन आण काहीतरी."

"ती आता पाठवत नाही."

"मग माग ना. तुझीच आई आहे." त्याला तालमीची घाई होती.

रश्मी त्याच्यावर भडकली, तालमीतून उठून गेली आणि ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. जुने निरोप तिने एकेक करून लावले. "जेवली का?" या प्रश्नानंतरच्या जागेत ती कितीतरी दिवसांनी पुन्हा बोलली, "नाई जेवली, माय." पण जुनं "हं" तिला फसवू शकलं नाही. मग तिने लिहिलं, 'माय, तू पहिल्यासारखी बोलून मेसेज पाठव ना. तुहा आवाज पायजे मले.' मले लिहिलं, पायजे लिहिलं, काही खुडलं नाही. हे तिने अनुपसाठी लिहिलं नव्हतं. चमूचा, बक्षिसाचा विचारही त्या वेळी तिच्या मनात नव्हता. पण हे केशरबाईला कुठून कळणार? तिला इंदूबाईने कॉलेजात ऐकून सांगितलं होतं की पोरीला आता आणखी मोठ्या मंचावर जायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात जाताना फोन थरथरला. आवाजी निरोप, आणि चांगला लांब. रश्मी वर्गाच्या दारातून मागे फिरली. त्याच पायऱ्यांवर जाऊन तिने फोन कानाला घट्ट दाबला.

"हॅलो! हॅलो! रश्मे, मी तुही माय बोलून राहिली व!"

तिला आधी वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय. आवाज उंच होता, बारीक, मध्येच चिरकत होता. आई असं बोलत नाही. मग तिला कळलं. तिने मंचावर आईचा जो आवाज काढला होता, तोच आवाज आता आई काढत होती. व्हिडिओ बघून बघून बसवला असावा.

"आज त मोठी गंमत झाली व! कोंबडीनं तुह्या बाबाच्या टोपीत अंडं देल्लं! आता त्याईनं टोपी घालाव का आमलेट कराव?"

आणि केशरबाई थांबली.

रश्मीचे ओठ जुन्या सवयीने उघडले. पण ती काही बोलायच्या आत फोनमधून आईचा खरा आवाज आला, खालच्या पट्टीतला, खरखरीत, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"इथं थांबली मी, पाह्य. लोकाईले हासाले जागा ठेवली. कमी पडली असंन त सांग, दुसरं करून पाठवतो."